शांतपणाची घोंगडी

३ जानेवारी १९३६, करजगी
निजामाच्या मुलखात पाय ठेवला. सोलापूर काही लांब नाही, तरी परदेशच. सासरे श्रीपतराव म्हणाले, सहा महिने कुणावर हात उगारला नाहीस तरच सुशीला नांदायला येईल. इथे पिठाची गिरणी बसवायची आणि पेशन्स शिकायचा. नाक्यावर ट्रंक उघडणाऱ्या शिपायाला छत्री हाणली. पण माझे पाय अजून इंग्रजी हद्दीत होते, म्हणून ते मोजत नाही.

१० जानेवारी
परवान्यासाठी कचेरीत गेलो. शुक्रवारची सुट्टी! रविवारी या, म्हणाले. दाराला लाथ घातली. दार म्हणजे माणूस नव्हे. अंगठ्याचं नख गेलं.

१४ जानेवारी
गडी रेवणप्पाला गिरणीचा पट्टा कधी आणणार विचारलं की 'नाळे' म्हणतो, म्हणजे उद्या. सहावा 'नाळे' ऐकून पाना फेकला. नेम भिंतीवर होता. त्याच्या डोक्याला हळद बांधली.
घरमालक बिराप्पा मेंढरंवाला. त्याचा सल्ला: मिस्त्री, राग आला की लोकर कातत बसावं, दोन्ही हात गुतल्यावर मारणार कशानं? उद्यापासून पक्का कंट्रोल.

२ फेब्रुवारी
पहाटेपासून कातलं. सूत तुटतं, गाठ मारतो, पुन्हा तुटतं. टकळी बिराप्पाच्या पाठीवर मोडली. चिरलेलीच होती.

२० मार्च
बिराप्पाची बायको पद्माबाईनं नवऱ्याच्या रागाचं सूत दाखवलं. वीस वर्षांचं, लिंबाएवढं. माझं दोन महिन्यांत पोतंभर! आळशी लोक. कीव आली.

१८ जून
घोंगडी विणून झाली. सासऱ्यांना पत्र टाकलं: पुरावा तयार आहे, सुशीलेला घेऊन या.

३ जुलै
आली! घोंगडी तिच्या मांडीवर टाकली. ती हात फिरवू लागली. गाठ लागली की थांबायची. इतक्या गाठी कामून, तिनं विचारलं. बिराप्पा भोळा. सांगून बसला, मिस्त्रीला राग आला की कातत्यात, सूत तुटलं की अजून राग येतो, अक्का.
तिचा हात स्वतःच्या गालाकडे गेला. घोंगडी घडी करून माझ्यासमोर ठेवली आणि बापामागं गाडीत जाऊन बसली. मी गाडीमागं धावलो. वाटेत बिराप्पा आडवा आला, त्याला एक लावली.

४ जुलै
घोंगडी टोचते. फार वाईट वाटतंय. बिराप्पाकडे आणखी लोकर मागितली. सुजल्या तोंडानं म्हणाला, न्हाई मिस्त्री, तुमच्यापायी एकाबी मेंढराच्या अंगावर लोकर राहिली न्हाई.
दोन्ही हात मोकळे घेऊन बसलोय.