फीट कुणाला आली?

अप्पा, काल माळ्यावरची ट्रंक उघडली, तर तळाशी तुमची ती झेरॉक्स सापडली. कोर्टातल्या लाल फितीत बांधलेली, समासात तुमचं पेन्सिलीचं बारीक अक्षर. आधी हसू आलं, मग तिथेच बसून रडले. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, पण एक गोष्ट सांगायची राहिलीच आहे.

मी तेव्हा इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला. रविवारी दुपारी मळमड्डीच्या आपल्या घराच्या व्हरांड्यात आम्ही चौघी मैत्रिणी वीस बाजूंचा फासा टाकून राक्षसांशी लढायचो. प्रत्येकीचा योद्धा कागदावर. आपला डाव आला की एकदा चालायचं, एकदा वार करायचा. योद्धा मुरला की त्याला एखादं खास कसब मिळे, त्याला खेळाच्या नियमांच्या पुस्तकात ‘फीट’ म्हणत. ते पहिल्यांदा मिळालं तेव्हा मी आनंदाने ओरडले, "आली! मला फीट आली!" आणि स्वयंपाकघरातून आई फोडलेला कांदा घेऊन धावत आली, तो थेट माझ्या नाकाशी धरला. सगळ्या हसून लोळतायत, आई कांदा धरून उभीच, आणि तुम्ही पेपर बाजूला ठेवून म्हणताय, "आण बघू ते पुस्तक. कायदा न वाचता भांडतात काय कुणी?"

जन्म कोर्टाच्या कचेरीत गेलेला तुमचा. त्या पुस्तकाची झेरॉक्स काढून आठवडाभर ती तुम्ही दाव्याच्या कागदांसारखी वाचलीत आणि पुढच्या रविवारी म्हातारा पहारेकरी होऊन आमच्यात येऊन बसलात. शत्रूला पाठ दाखवून पळालं की त्याला एक वार फुकट, या नियमाखाली तुम्ही दोनदा रेघ मारली आहे. आणि स्वतःसाठी निवडलीत ती फीट कसली, तर शेजाऱ्यावर येणारा वार आपल्या ढालीवर घ्यायची! मैत्रीण म्हणाली, "अप्पा, ह्यात तुम्हाला काय मिळतंय?" "इरली बिडु, असू दे," तुम्ही म्हणालात. "म्हाताऱ्याला ढाल बास झाली."

मग मी गणितात नापास झाले. देशपांडे नगरहून मोठे काका आले आणि चप्पल काढायच्या आधीच सुरू झाले, "पोरीच्या हातात फासे देतोस? घर आहे की जुगाराचा अड्डा?" मी उठून आत निघाले. मागून तुमचा आवाज आला, "तिला काही बोलायचं नाही. खेळायला मीच बसवलं. चूक माझी आहे." काका अर्धा तास बोलत होते आणि तुम्ही मान खाली घालून ऐकत होतात. मी दाराआड उभी होते, अप्पा. सगळं ऐकत होते.

त्याच संध्याकाळी तुम्ही झेरॉक्स लाल फितीत बांधलीत. पुन्हा कधी रविवारचा डाव मांडला नाही. पुढच्या खेपेला मी पास झाले तेव्हा म्हणालात, "बघ, खेळ थांबवला आणि झालं की नाही? आधीच कळायला पाहिजे होतं मला." ते वाक्य अजून टोचतं.

खेळाचा काही दोष नव्हता. गणित मला दिवाळीपासूनच कळेनासं झालं होतं आणि विचारायची लाज वाटत होती. पेपर हातात आला, एकही गणित सुटेना. अर्ध्या तासात कोरा कागद देऊन बाहेर पडले आणि संध्याकाळपर्यंत उणकल तळ्याच्या काठी बसून राहिले. घरी येऊन सांगितलं, बरा गेला. पळाले मी, आणि फुकटचा वार तुमच्यावर पडला. तुमचा सगळ्यात आवडता खेळ माझ्या खोट्यापायी गेला, आणि तुम्ही शेवटपर्यंत स्वतःलाच दोष देत राहिलात.

हे कागद आता त्याच फितीत ठेवतेय. पलीकडे आई कांदा चिरत बसली आहे. आत्ताच तिने विचारलं, "कुणाला लिहायलीस गं एवढं?"

"ऑफिसचं आहे," मी म्हटलं.

बघा अप्पा, परत पाठ फिरवली.