नोनीचे तीस मिली आणि बेचाळीस पायऱ्या

४ मार्च, सकाळी ७.१०
नोनीचा पहिला डोस घेतला. तीस मिली, उपाशी पोटी. नोनी हे उष्ण प्रदेशातलं फळ. बाटलीवरच्या चित्रात बटाट्याला देवी आल्यासारखं दिसतं. चव म्हणजे उन्हाळ्याच्या सुट्टीभर दप्तरात विसरलेलं चीज सँडविच. गुणकारी असणार, नाहीतर इतकं वाईट का लागेल?

आम्हाला शाळेत गाणं शिकवणाऱ्या सिस्टर एक्क्याण्णव वर्षांच्या झाल्या. महिनाअखेर त्या दूरगावी, म्हाताऱ्या नन्सच्या घरी राहायला जाणार. त्याआधी, तीस तारखेला, आमचा जुना क्वायर चॅपलमध्ये त्यांच्यासाठी गाणार. क्वायर गातो वरून, ऑर्गनच्या गॅलरीतून. गोल जिना, बेचाळीस पायऱ्या. सोलो माझा. डॉक्टरांनी गुडघ्यामुळे जिना बंद केलाय, पण सिस्टरना फोनवर सांगून मोकळी झाले की मी वर असेन.

५ मार्च
गुडघा हलका वाटतोय. डावा. दुखतो तो उजवा, पण सुरुवात कुठून तरी होणारच.

८ मार्च
लेक आली. फिजिओथेरपिस्ट असल्यामुळे तिला औषधांतलं फारसं कळत नाही. बाटली उलटीपालटी करून म्हणाली, याने गुडघा बरा होतो असं कुठे लिहिलंय? मी बोट ठेवून दाखवलं. ‘मे सपोर्ट हेल्दी जॉइंट्स.’

“आई, ‘मे’ म्हणजे कदाचित.”

हसू आलं. एवढी शिकलेली मुलगी. आमच्याकडून सिस्टरनी ग्रामर घोटून घेतलंय. वाक्य ‘मे’ने सुरू झालं की तो आशीर्वाद. ‘मे यू बी हॅपी.’ बाटलीने माझ्या गुडघ्याला आशीर्वाद दिलाय. लेकीने बाटली ओट्यावर ठेवली आणि पर्समधून पेन काढलं. पटलं असावं.

जाताना पाय सरळ उचलायचा व्यायाम कागदावर लिहून दिला. रोज वीस वेळा. कागद बाटलीखाली ठेवलाय, ओट्यावर डाग पडत नाहीत.

१२ मार्च
स्वयंपाकघरात चमत्कारिक वास. हे म्हणतात, नोनीचा. यांचं नाक लग्नापासून माझ्या विरोधात आहे. मी प्लंबरला बोलावलं. त्याने सिंकखालचा पाइप उघडला, हुंगला, परत लावला. मग म्हणाला, “काकू, पाइप ठणठणीत आहे. ती बाटली जरा झाकून बघा.” हल्ली कामाचा दर्जाच राहिला नाही.

१५ मार्च
चिमणीच्या घरी सराव. चिमणी शाळेत माझ्या बाकावर बसायची. हे नाव पडलं तेव्हा ती बारीक होती. आम्ही बाराजणी. सगळ्या माझ्यापासून दोन हात लांब उभ्या राहिल्या. सोलो गाणारीला जागा लागते, हे त्यांना न सांगता कळलं.

वरचा स्वर लागला आणि एकदम बारा वर्षांची झाले. त्या वर्षी आई आजारी होती. घरी जावंसं वाटायचं नाही. सिस्टर “वन्स मोर” म्हणत मला संध्याकाळपर्यंत थांबवून घ्यायच्या. गाणं पहिल्याच वेळी नीट झालेलं असायचं, हे मला कित्येक वर्षांनी कळलं.

निघताना चिमणीने हळूच विचारलं, जिना झेपेल ना गं, नाहीतर मी आहेच. म्हटलं, धावत जाईन.

२० मार्च, सायंकाळी
आमच्याच इमारतीच्या जिन्यावर चाचणी. सात पायऱ्या सलग. आठवीवर समोरचं दृश्य बघायला थांबले. समोर भिंत आहे. रंग बरा दिलाय. डोस साठ मिली केला.

२३ मार्च
साठ मिलीचं यांनी लेकीला सांगितलं. घरभेदी माणूस. बीपीच्या गोळ्यांबरोबर हे चालतं का, डॉक्टरांना विचारलंस का, म्हणून ती फोनवर ओरडली. मग येऊन बाटली घेऊन गेली. काही बिघडत नाही. एकावर एक फ्री होती. दुसरी शिवणयंत्राच्या खणात आहे. परत तीस मिलीवर आले, केवळ तिच्या समाधानासाठी.

२९ मार्च
उद्या. गुडघ्यावर थोडी सूज. ताकद आत जमा होत असावी.

३० मार्च, रात्री ८
चॅपलमध्ये पोचले तर अकराही जणी जिन्याखाली उभ्या. वर कोणी चढेना. एकमेकींना सांगत होत्या, जिना किती जुना आहे, कोरीवकाम किती सुंदर आहे. चिमणीने रुमालासाठी पर्स उघडली आणि ओळखीचा वास आला. तिच्याकडेही नोनी. मग एकेकीने कबूल केलं. बारापैकी नऊजणी.

मी चढले. चौदाव्या पायरीवर गुडघ्याने साफ नकार दिला. तिथेच बसले. चिमणी धापा टाकत आली आणि मला हाताला धरून उतरवलं.

तेवढ्यात वरून ऑर्गन सुरू झाला. सिस्टर केव्हाच वर जाऊन ऑर्गनशी बसल्या होत्या. मग आम्ही खालूनच गायलो, जिन्याच्या तोंडाशी गर्दी करून. सोलोला माझा स्वर कापला नाही.

सिस्टर उतरल्या, भिंतीला हात लावत, न थांबता. सरळ चिमणीपाशी गेल्या आणि तिचा चेहरा दोन्ही हातांत धरला.

“माय चाइल्ड, वरून मला कोणी दिसत नव्हतं. पण सोलोतला तुझा आवाज मी कुठेही ओळखीन.”

चिमणी माझ्याकडे बघायला लागली. तिने तोंड उघडायच्या आत मी म्हटलं, हो सिस्टर, तिने फार मेहनत घेतली.

घरी आल्यावर यांनी विचारलं, कसं झालं. म्हटलं, चिमणी छान गायली.