टॉवर उभा आहे, सही बाकी आहे

प्रिय चिंगे,

मला पत्रं लिहायची सवय नाही हे तुला ठाऊक आहे. पण फोनवर मी 'हं' आणि 'बरं' यांच्यापुढे जात नाही, म्हणून लिहायला बसलो. वादळात आपल्या रेडिओ केंद्राचा टॉवर आडवा झाला ते तुला कळलंच होतं. आता नवा उभा राहिलाय. मात्र तपासणीच्या कागदावर मी सही केल्याशिवाय तो कायमचा सुरू होत नाही, आणि मी सही करत नाहीये. चार दिवस झाले. व्यवस्थापक माझ्याशी आजारी माणसाशी बोलावं तसं गोड बोलायला लागलेत.

मधले तीन महिने तसे मजेत गेले. केंद्राच्या गच्चीपासून समोरच्या लाँड्रीच्या खांबापर्यंत मी एक तार ओढली आणि तिच्यावर काम भागवलं. आवाज जेमतेम चार गल्ल्यांपर्यंत पोचायचा. आपले निवेदक, ज्यांना तू लहानपणी घसाकाका म्हणायचीस, ते त्याच जुन्या थाटात दूरदूरच्या श्रोत्यांना नमस्कार करायचे, आणि दूरदूरचे श्रोते त्यांना खिडकीतून दिसायचे. एकदा त्यांनी कोपऱ्यावरच्या चांभाराला वाढदिवसाच्या शुभेच्छा दिल्या, तर गाणं संपायच्या आत तो दारात हजर. वाढदिवस उद्या आहे, उद्या परत म्हणा, म्हणाला. हवामानाचा अंदाज चुकला की लोक जाब विचारायला जिना चढून यायचे. एका सकाळी भर बातम्यांत आवाज बसला. गच्चीवर जाऊन पाहतो तर लाँड्रीवाल्या बाईंनी आमच्या तारेवर ओली चादर टाकलेली. मी म्हटलं, बाई, ही तार बातम्यांची आहे. त्या शांतपणे म्हणाल्या, "मग बातम्या झाल्या की सांगा, तोवर थांबते."

शुक्रवारी नव्या टॉवरची चाचणी झाली. सगळे काटे जागच्या जागी. व्यवस्थापकांनी सर्वांसाठी चहा मागवला आणि टोपण काढून पेन माझ्यापुढे धरलं. मी पेन घेतलं आणि सवयीने घरी फोन लावला.

तुला हे कदाचित माहीत नसेल. प्रत्येक दुरुस्तीनंतर मी घरी फोन करायचो. तुझी आई स्वयंपाकघरातला रेडिओ लावायची आणि निकाल द्यायची. यंत्रातलं तिला ओ की ठो कळत नव्हतं, पण कान तिखट. एकदा सगळे काटे बरोबर असताना म्हणाली, "अहो, ही गाणारी सर्दी झाल्यासारखी गातेय." मी हसलो, पण टॉवरखालचं खोकं उघडून पाहिलं तर आत उंदराने संसार थाटलेला.

तर फोन वाजत राहिला. तिला जाऊन सात महिने झालेत हे मी विसरलो होतो असं नाही. बोटं नंबर लावून मोकळी झाली होती, आणि वाजायला लागलेला फोन ठेवावा कसा, ते सुचेना. सगळे अदबीने उभे राहिले. त्यांना वाटलं मी वरच्या कचेरीत लावलाय. शेवटी घसाकाकांनी हळूच विचारलं, "साहेब उचलत नाहीत का?"

"नाहीत," मी म्हटलं, आणि पेन परत केलं.

दुसऱ्या दिवशी चाचणी चालू ठेवायला सांगून मी घरी आलो आणि तिच्या रेडिओवर ऐकलं. मला सगळं ठीक वाटलं. पण मला तीस वर्षं सगळं ठीकच वाटत आलंय. यंत्रांच्या घरघरीत माझे कान कधीच गेले. व्यवस्थापक म्हणतात, दुसऱ्या कुणालाही विचारा. घसाकाकांना विचारून पाहिलं. त्यांना स्वतःचा आवाज नेहमीच उत्तम ऐकू येतो.

म्हणून हे पत्र. येत्या सोमवारी सकाळी सात ते आठ पुन्हा चाचणी ठेवलीय. तुझं गाव आपल्या टप्प्याच्या अगदी काठावर आहे. शिवाय नाक तू माझं घेतलंस, तरी कान आईचे घेतलेस. रेडिओ लाव आणि हातातलं काम चालू ठेव, ती तसंच ऐकायची. साडेसातला मी फोन करीन. मला बरं वाटावं म्हणून 'छान' म्हणू नकोस. आई एकदाही छान म्हणाली नाही. 'चालेल' म्हणायची, मग मी सही करायचो. तू चालेल म्हणालीस तर सही करीन. नाही म्हणालीस, तर जे काय असेल ते दुरुस्त करून दुसऱ्या दिवशी परत फोन करीन, आणि तेव्हाही नाही म्हणालीस तर तिसऱ्या दिवशी. घाई व्यवस्थापकांना आहे, मला नाही.

तुझाच,
बाबा