काथ्याशिवाय हात

बंगळूर, १८ ऑगस्ट १९९६

तीर्थरूप बाबा,
इथूनच तुमच्या पायांना हात लावते.

मी बरी हाय, फक्त दमलेय. काचेच्या ताटलीत मज्जातंतूंच्या पेशी वाढवते. त्यांना लांब हात फुटतात. हाताला आतून ताठ धरणारं प्रथिन बनवायचा निरोप आम्ही मध्येच अडवतो, मग हात तगत नाय. आपल्या कारखान्यात काथ्याशिवाय ओतलेला गणपतीचा हात तगत नाय, तसंच. यंदा तीनदा सगळ्या पेशी मेल्या. परत पहिल्यापासून.

आईने लिहिलंय, डोळ्यांची आखणी यंदा दिनानाथकाका करतायत. ती तर तुम्ही कुणाला देत नाय. हात थरथरतो का?

उत्तर आईकडून लिहून घेऊ नका. दोनच ओळी, पण तुमच्या हाताने लिहा.

तुमची मृणाली