आठ किलोंचा आवाज

रिदालिन,

मावलाईच्या हॉलवर वाजवायला निघालोय. माझ्या हर्नियाच्या ऑपरेशननंतर तू आणलेला हा आठ किलोंचा नवा ॲम्पच नेतोय. त्याला खेळणं म्हणालो म्हणून तू तीन दिवस बोलत नाहीस, कळतंय मला.

सकाळी गुपचूप लावून पाहिला. भिंतीला टेकवला तर नुसता घुमतो, पातेल्यांची झाकणंसुद्धा थरथरली! मग खुर्चीवर ठेवला, बासचं बटण थोडं मागे फिरवलं, आणि गिटारची एकेक तार मोकळी बोलायला लागली. एवढ्याशा खोक्यात हा आवाज मावतो तरी कुठे? मागच्या रांगेत कसा ऐकू येतो, ते मला वाजवताना कळायचं नाही.

जादोह झाकून ठेवलाय, खाऊन घे.

जुना ॲम्प आपण दोघांनी दोन बाजूंनी धरून वीस वर्षं त्या हॉलच्या पायऱ्या चढवला, भांडत भांडत. याला हँडल एकच आहे.

तरीही ये.

शानबोर