एका रिमोटवर दोन घरांचे पंखे राहू देण्याबाबत

दि. १९ जून २०१९

प्रति,
मा. वीजजोडणी निरीक्षक,
बांधकाम परवाना कार्यालय,
सेंट ओडिल, लुईझियाना

विषय : पंख्याबाबत मीच केलेली तक्रार मागे घेणे व आपला आदेश रद्द होणे.
संदर्भ : आपली ११ जूनची भेट व त्याच दिवशीची नोटीस.

माननीय निरीक्षकसाहेब,

१. माझे वडील अल्सीड गिड्री मार्चमध्ये वारले. त्यानंतर आईच्या खोलीतला छताचा पंखा आपोआप सुरू होऊ लागला. आई वर पाहून "आला" एवढेच म्हणे. दिवसभरात तिचे बोलणे तेवढेच. मी घाबरून आपल्याकडे तक्रार केली.

२. आपण तपासून सांगितलेत की वडिलांची जोडणी निर्दोष आहे : काळी तार रिमोटच्या डबीतून पंख्याला, लाल तार थेट दिव्याला, भिंतीवर दोन्हींची स्वतंत्र बटणे. फक्त कोणत्या रिमोटचे ऐकायचे हे ठरवणारे डबीतले चार चिमुकले खटके कारखान्यातून आले तसेच राहिले होते. भिंतीपलीकडच्या श्री. नॉर्बर्ट फ्रुजे यांच्याकडेही वडिलांनीच, त्याच दिवशी, तसलाच पंखा बसवला होता. त्यामुळे त्यांच्या रिमोटने आमचा पंखा फिरतो व आमच्या रिमोटने त्यांचा. दोन वर्षांत वडील याच कारणासाठी अकरा वेळा शिडीवर चढले आणि दर वेळी वीज कंपनीला दोष देत उतरले.

हे ऐकून आईने विचारले, "म्हणजे नॉर्बर्टला उकडलं की माझा नवरा शिडीवर?" आणि ती इतकी हसली की तिला पलंगावर बसावे लागले. आपण तिला पाणी आणून दिलेत, त्याबद्दल आभारी आहे.

३. एका घरातले खटके शुक्रवारपर्यंत बदलावेत, असा आपला आदेश आहे. दरम्यान घडले ते असे. श्री. फ्रुजे यांना पंखा तीनवर लागतो, आईला एकवर. ते वाढवतात, ती कमी करते. दुसऱ्याच्या रिमोटपासून सुटका हवी तर भिंतीवरचे बटण बंद करावे लागते, आणि मग पंखाच थांबतो. हा शोध दोघांनाही गुरुवारी दुपारी लागला, व दोघेही पंखे बंद करून तासभर घाम गाळत हट्टाने बसले. शेवटी श्री. फ्रुजे आमच्या ओसरीवर येऊन आईला म्हणाले,

"यूलाली, माझ्याच घरात मला वारा मागायला लागतोय."

"मग माग की."

त्यांनी मागितला. त्यांना दोनचा वेग आणि वाडगाभर भेंडीचा गंबो रस्सा मिळाला. आईही त्यांच्याबरोबर जेवली. मार्चनंतर तिने पूर्ण जेवण केल्याचे मी प्रथमच पाहिले. आता वेळापत्रक ठरले आहे. त्यावर रोज भांडण होते.

४. खटके बदलायला दोघेही नकार देतात. आईने आमची शिडी एका चर्चला उसनी दिली आहे व कोणत्या ते सांगत नाही. गावात सहा चर्च आहेत.

५. यात धोका काही नाही, असे आपणच नोटिशीत नमूद केले आहे. माझे वडील हातातले काम पुरे केल्याशिवाय जेवत नसत. त्यांच्याकडून अपुरे राहिलेले हे एकच काम मला माहीत आहे. ते अपुरेच राहू द्यावे.

आपल्या होकाराची वाट पाहत,
क्लोटील गिड्री

सोबत : १. नोटिशीची प्रत.
२. पंख्याचे वेळापत्रक, चौथी दुरुस्ती, दोघांच्या सह्यांसह. (पाचवीवर श्री. फ्रुजे सही करत नाहीत.)