तेजी आमची, मंदी त्यांची

मी, ज्ञानू हरिबा खराडे, वय सुमारे अडुसष्ट, धंदा शेती, राहणार मौजे करंजवाडी, तालुका तासगाव, जिल्हा सातारा, माझ्या पाठीमागे तंटा होऊ नये म्हणून हा कागद राजीखुशीने करून ठेवतो. दम्याने छाती भरून येते, पण डोके ठिकाणावर आहे. कोणी दटावलेले नाही, कोणी दारू पाजलेली नाही. उलट माझी बायको मनुबाई कशाला लिहिता म्हणून सारखी मागे लागली आहे.

कलम एक. राहते घर मनुबाईच्या हयातीपर्यंत तिचे. मुलगा जोतीराम पलटणीतून कायमचा घरी आला तरी त्याने तिला माजघरातून हलवू नये. तिच्यानंतर घर त्याचे.

कलम दोन. मळ्याची जमीन, बैलजोडी आणि हळद शिजवायची मोठी काहील जोतीरामची. काहील मेहुणे नाथाजी यांना उसनी देऊ नये. मागे त्यांनी तिच्या तळाला भोक पाडून ती परत केली आणि वर म्हणाले, "आधीचंच हाय की." पाहुणा म्हणून मी गप्प बसलो. जोतीरामने बसू नये.

कलम तीन. ज्यासाठी हा सगळा खटाटोप, ते आता लिहितो.

आमच्या गावची हळद नदीकाठी जमिनीखाली खणलेल्या पेवांत राहते. पेव उघडले की आधी आत कंदील सोडतात. तो विझला नाही तरच माणूस उतरतो. मग वर येणारी हळदीची पहिली पाटी मानकऱ्याच्या हाती देतात. हा मान तवनाप्पा चौगुले यांच्या घराण्याचा, कारण पेवांची जागा त्यांच्या आजोबांनी गावाला दिली.

शेहेचाळीसच्या निवडणुकीत मी आमच्या पक्षाचा प्रचार केला, तवनाप्पांनी विरुद्ध उमेदवाराचा. आमचे सरकार आले आणि त्याच हंगामात हळदीचे भाव कडाडले. ज्ञानूअण्णाच्या सरकारने भाव आणला म्हणून गाव नाचले. मला फेटा बांधला, आणि तवनाप्पांनी पुढे केलेले हात बाजूला सारून पाटी माझ्या हातात दिली. मद्रासकडचे पीक पाण्यात सडल्यामुळे भाव चढला, हे सांगलीच्या अडत्याने मला आधीच सांगितले होते. तरी मी पाटी घेतली, आणि तेव्हापासून दरसाल घेत आलो. वर भाषणही ठोकले.

सरकार कोणाचे याने काहीच फरक पडत नाही, असे मी म्हणत नाही. रेशन, धान्याची लेव्ही, गूळ बाहेर न्यायचा परवाना, ही सगळी सरकारच्या हातची कामे, आणि त्यांनी कोणाची चूल पेटली व कोणाची विझली हे मी पाहिले आहे. पण ती तेजी आमची नव्हती.

पुढे सरकार आमचेच राहिले आणि भाव गडगडले. आता गाव कोणाला बोलणार? तवनाप्पांची नजर लागली म्हणाले. त्यांच्याशी बोलणे टाकले. त्यांच्या मुलीच्या, राजमतीच्या लग्नाला गावातून कोणी गेले नाही. मीही गेलो नाही. त्या दिवशी जेवताना मनुबाईने विचारले, "तेजी तुमी आणलीसा, मग मंदी त्येंनी कशी वं आणली?"

मी ताटावरून उठलो. मला माझी लाज वाटते. लोक अजून अण्णा, अण्णा करत राम राम घालतात, तेव्हा तर जमिनीत गडप व्हावेसे वाटते.

म्हणून माझ्या पाठीमागे पहिल्या पाटीचा मान तवनाप्पांना परत द्यावा. जोतीरामने हे कलम तेराव्या दिवशी पेवांवर उभे राहून गावाला मोठ्याने वाचून दाखवावे. जिवंतपणी हे बोलायला माझे तोंड उघडत नाही.

दुसरी साक्ष मुद्दाम तवनाप्पांची ठेवली आहे. त्यांनी आधी वाचावे, मग सही करावी.

ठिकाण करंजवाडी, तारीख ३ एप्रिल १९४९.

लिहून ठेवणार : ज्ञानू हरिबा खराडे, सही दस्तुरखुद्द.

साक्षीदार पहिला : बिराप्पा धोंडी हाके, निशाणी डाव्या हाताचा अंगठा.

साक्षीदार दुसरा : ज्ञानू, कागद वाचला. सही करत न्हाई. तू मेल्यावर सांगणार, आन् तवर मी गावात कसं राहायचं रं? अक्षय्य तृतीयेला पेव उघडायचं हाय. तू ये. गावाम्होरं तुझ्या तोंडानं सांग. मग तिथंच सही करतो. दौत आन् टाक मी घेऊन येतो. तवनाप्पा.